कोणालाही कळू न देता

समीक्षाला वाचता येत नाही, हे साऱ्या जळगावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः आणि दुसरे सुपडूआबा.

आबा एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्याचं काम करून निवृत्त झाले होते. आता वस्तीतल्या बुद्धविहाराला लागून जी अभ्यासिका होती तिची किल्ली त्यांच्याकडे असे. पोलीस भरती, तलाठी भरती असल्या परीक्षांना बसणारी पोरं तिथं दिवसभर माना खाली घालून वाचत बसायची. आबा पंखे लावत, दिवे मालवत, आणि भिंतीवर सुवाच्य अक्षरात सूचना चिकटवत. "कृपया चपला बाहेर काढाव्यात." "कृपया मोबाइलवर बोलू नये." आपण कुणाला तोंडानं काही सांगावं एवढा त्यांचा स्वभाव धीट नव्हता.

पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई. एकेका घराची पाळी ठरलेली. ज्या घरी वाचणारं कुणी नसेल त्या घरचा माणूस बाजूला बसून ऐके, आणि त्याच्या वाटचं दुसरा कुणी वाचे. मंदाबाईच्या घराची पाळी शेवटच्या पौर्णिमेला आली, तेव्हा विहाराच्या अध्यक्ष सुमनबाईंनी विचारलं, "मंदाबाई, तुमच्याकडून कोण?"

"मनी पोर समीक्षा वाचई!" मंदाबाई म्हणाली. तिचं माहेर धरणगावकडचं, शहरात इतकी वर्षं काढूनही बोली सुटली नव्हती. डाळमिलमध्ये डाळ निवडता निवडता तिनं ही बातमी बरोबरच्या बायकांना आधीच सांगून टाकली होती. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. नवरा सुरतेला कामाला. पण पोरगी नववीत होती, आणि वंदनेच्या वेळी पुस्तक हातात धरून खड्या आवाजात सगळ्यांच्या पुढे म्हणायची. विहारातल्या बायका आपापल्या पोरींना तिचं उदाहरण द्यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी समीक्षा अभ्यासिकेच्या दारात उभी राहिली. पोरं जेवायला गेली होती.

"आबा, मला वाचता येत नाही."

आबांना वाटलं, तिला चष्मा लागला असेल.

"तसं नाही. वाचताच येत नाही. वंदना पाठ आहे. शाळेत बाजूच्या मुलीचं बघून उतरवते. दुसरीत मला कावीळ झाली होती, तेव्हा मागे राहिले. मग चौथी-पाचवीला करोनात शाळाच बंद होती. पुढे कुणी विचारलं नाही." ती एवढं एका दमात बोलली आणि मग म्हणाली, "आईला सांगितलंत तर मी इथं परत येणार नाही. कुठंच येणार नाही."

आबांनी घाईघाईनं मान डोलावली. पुढे त्यांना अनेकदा वाटलं, तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण पुस्तकांमध्ये जन्म काढलेल्या माणसाला 'मला वाचता येत नाही' या चार शब्दांपुढे नाही म्हणवेना.

मोठ्या पोरीला वाचायला शिकवतात कसं, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी धुळ्याला जुन्या मित्राला, नथ्थूला फोन लावला. नथ्थू एके काळी प्रौढशिक्षणाचे वर्ग चालवायचा.

"अरे सुपड्या," नथ्थू हसला, "आपल्याला आता कोण इचारस? मनी पाटी तर बकरीनं फोडी टाकी. तुमना तठे कम्प्युटर शे ना? मंग त्याले इचार. बठ्ठं शे त्यामा."

सगळं ज्यात आहे असा एक जुना, देणगीतून आलेला कम्प्युटर अभ्यासिकेच्या कोपऱ्यात होता. सगळ्यांसाठी एकच खातं, विहाराचा सचिव राकेश यानं उघडून दिलेलं. आबा पोरांची गर्दी ओसरली की त्याच्यासमोर बसत आणि एका बोटानं टाइप करत. ग्रंथालयात असताना बाहेरगावच्या ग्रंथपालाला पत्र लिहायचं तर ते पूर्ण वाक्यात आणि विनंतीपूर्वक लिहायचं, ही त्यांची सवय. यंत्राशीही ते तसेच वागले. "मोठ्या मुलीला अक्षरओळख लाज न वाटता कशी करून द्यावी, कृपया सांगावे."

यंत्रानं पुष्कळ काही सांगितलं. एका ठिकाणी गुलाबी हत्ती नाचत नाचत अ आ इ ई म्हणत होता. समीक्षानं तो पाहिला आणि तिचे कान लाल झाले. दुसऱ्या ठिकाणी नवसाक्षरांसाठी पुस्तिका होत्या, त्यात शेळीपालन होतं, बचत गट होता, सासू-सुनेचे संवाद होते. त्या पंधरा वर्षांच्या पोरीसाठी नव्हत्या. शिक्षकांसाठीचे लांबलचक लेख होते, त्यातलं 'अध्ययन निष्पत्ती' वाचून आबांनाच घाम फुटला. 'दहा दिवसांत वाचन' असा व्हिडिओ होता, त्यात पहिली पाच मिनिटं माणूस स्वतःचंच कौतुक करत होता. बालवाडी आणि बचत गट यांच्या मधल्या मुलांसाठी जवळपास कुणी काही केलेलं नव्हतं. शेवटी एका शिक्षिकेच्या साध्याशा पानावर त्यांना हवं ते सापडलं. मजकूर मुलाच्या वयाचा असावा, शब्द तेवढे सोपे असावेत. त्याच्या आवडीचा विषय विचारून तुम्हीच लिहावा. तो अडला तर लगेच सांगू नये, थांबावं.

समीक्षाला कबड्डी आवडायची. आबांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिनं सांगावं आणि त्यांनी मोठ्या अक्षरात लिहावं, असं सुरू झालं. 'मीना चढाईला गेली. तिने दम धरला.' समीक्षा बोट ठेवून वाचायची. आबा थांबायचे. थांबणं त्यांना जमायचं.

जागेची मात्र पंचाईत होती. हॉलमध्ये बसावं तर पोरांना दिसणार. म्हणून दोघं मागच्या खोलीत बसत, जिथं सतरंज्या ठेवलेल्या असत. दार आबा उघडंच ठेवायचे. समीक्षा उठून लोटून यायची. "कोणी ऐकेल ना, आबा." आबा लोटलेल्या दाराकडे पुन्हा पुन्हा बघायचे. का बघतो, हे स्वतःला विचारण्याचं त्यांनी टाळलं.

त्याच दिवसांत कधीतरी त्यांनी यंत्राला आणखी एक प्रश्न विचारला होता. अडचण जशी होती तशी, शब्दाला शब्द. आणि विसरूनही गेले होते.

एके दिवशी सकाळी जीवन नावाचा पोरगा कम्प्युटरवर बसला. त्याला पंचायत राजवर काही वाचायचं होतं. त्यानं 'पं' एवढंच टाइप केलं, आणि खाली आपोआप एक वाक्य उघडलं.

"ए, हे काय?" जीवन मोठ्यानं वाचू लागला. "पंधरा वर्षांच्या मुलीला कोणालाही कळू न देता एकांतात कसे शिकवावे..."

दोन-तीन पोरं उठून आली.

"कोण रे हा रंगेल?"

"जीवन्या, तूच असशील!"

"माझ्यात एवढी हिंमत असती तर भरतीला पळालो नसतो का?" जीवन हसत म्हणाला. "थांबा, पुढे बघा. 'कृपया सांगावे.'"

पोरं पुन्हा हसली. मग एकेकाचं हसू कमी होत गेलं. कुणाची तरी नजर भिंतीवर गेली, मग दुसऱ्याची. कृपया चपला बाहेर काढाव्यात. कृपया मोबाइलवर बोलू नये.

आबा दाराशी झाडू हातात घेऊन उभे होते. पोरं त्यांच्याकडे बघत नव्हती. बघत नव्हती, म्हणूनच त्यांना कळलं.

आबांनी ते वाक्य आता पोरांच्या डोळ्यांनी पाहिलं. एकांतात. कोणालाही कळू न देता. असं वाक्य लिहिणारा म्हातारा आपल्याला भेटला असता, तर आपणही त्याला बरा माणूस म्हटलं नसतं. सांगावं, असं वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? कोणती मुलगी, काय शिकवायचं, कळू का द्यायचं नाही, या तिन्हींचं उत्तर एकच होतं, आणि ते त्यांचं नव्हतं.

जीवननं स्क्रीनचा फोटो काढला होता. संध्याकाळपर्यंत तो कुठं कुठं गेला कोण जाणे. किराणा दुकानात चंपालालशेठ एरवी "या आबा, बसा" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी साखर तोलली आणि गल्ल्याकडे बघत पुडी पुढे केली. चौकातल्या रिक्षावाल्यांचं बोलणं आबा जवळ येताच थांबलं आणि पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झालं. फोटोचाच विषय होता की दुसरा काही, हे कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक खोकल्यात आता त्यांना आपलं नाव ऐकू येऊ लागलं.

घरी नात भाविका रोजच्यासारखी मांडीवर येऊन बसली. आबांनी गोष्टीचं पुस्तक उघडलं. सून मृणाली स्वयंपाकघरातून आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती फक्त म्हणाली, "भाविका, इकडे ये. वेणी घालायची आहे."

"घातलीय ना, मम्मी."

"परत घालायची आहे."

पोर उठून गेली. आबा उघडं पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिले. पान उलटायला त्यांना भीती वाटली. आवाज झाला असता.

समीक्षा येईनाशी झाली. तिलाही कळलं असणार. आबांना एका बाजूनं हायसं वाटलं आणि दुसऱ्या बाजूनं धास्ती वाटली, कारण 'दम धरला'पर्यंत आलेली पोरगी आठ-पंधरा दिवस गेले तर पुन्हा मागे जाईल, आणि पौर्णिमा तर जवळ येत होती.

रविवारी वंदना झाल्यावर सुमनबाईंनी त्यांना थांबायला सांगितलं. सुमनबाई पूर्वी सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. बाई सरळ होत्या, पण सुई टोचताना हात न थरथरणाऱ्या. राकेश अभ्यासिकेत खुर्च्या मांडत होता. हा पाइपच्या कारखान्यात कामाला होता आणि लहानपणी आबांनीच त्याला पुस्तकांची सवय लावली होती. आज तो त्यांच्याकडे बघायचं टाळत होता. मंदाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला का बोलावलं असेल, हे आबांच्या लगेच लक्षात आलं. मागच्या खोलीत समीक्षाला जाताना कुणीतरी पाहिलं होतं.

"आबा, मी फिरवून बोलणार नाही," सुमनबाई म्हणाल्या. "ते वाक्य तुमचं आहे?"

"हो."

"मुलगी समीक्षा?"

आबा गप्प.

"काय शिकवत होता?"

बाहेर चपलांच्या रॅकजवळ समीक्षा उभी असलेली त्यांना दाराच्या फटीतून दिसत होती. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं.

मंदाबाई एकदम बोलली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "आबा, मी तुमले बापासारखं मानलं. मनी पोर तठे मांगल्या खोलीत काय करस? माले सांगा. जे असेल ते सांगा."

"वाईट काही नाही, मंदाबाई."

"मंग सांगा ना!"

"सांगता येत नाही."

राकेशनं लांब श्वास घेतला. "आबा, असं करून कसं चालेल? उद्या हे पोलिसांत गेलं तर तिथं गप्प बसाल का? जीवनला एकच ओळ दिसली. कम्प्युटरमध्ये मागचं सगळं राहतं. बघूया, तुम्ही आणखी काय काय शोधलंय." तो कम्प्युटरसमोर जाऊन बसला.

मागचं सगळं राहतं, हे आबांना माहीत नव्हतं. त्यांना आपले सगळे प्रश्न आठवले. लाज न वाटता अक्षरओळख. नववीपर्यंत वाचता न येण्याची कारणे. जोडाक्षरांची सुरुवात. राकेशनं ते वाचले की आपण सुटलो. एका मिनिटात सुटलो, घरी मृणाली भाविकाला पुन्हा आपल्याजवळ बसू देईल. आणि त्याच मिनिटात मंदाबाईला, सुमनबाईंना, दाराबाहेरच्या पोरांना कळेल.

राकेशनं पहिलं पान उघडलं.

"नको," आबा म्हणाले. "वाचू नकोस."

"का?"

आयुष्यात कधी कुणाच्या मध्ये न पडलेले सुपडूआबा उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी कम्प्युटरची पिन ओढून काढली.

स्क्रीन काळी झाली. सुमनबाईंनी डोळे मिटले. मंदाबाईच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. राकेश खुर्चीतून उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे आहे काहीतरी," तो म्हणाला. "आबा, किल्ली ठेवा इथं."

आबांनी किल्ली टेबलावर ठेवली. सगळं संपलं होतं. आता फक्त ती पोरगी आत येऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं, आणि येऊ नये असं वाटताना ती यावी असंही वाटत होतं, आणि या दुसऱ्या वाटण्याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

दार सरकलं. समीक्षा आत आली, कुणाकडेही न बघता भिंतीपाशी गेली, पिन लावली आणि कम्प्युटरचं बटण दाबलं.

यंत्र जुनं होतं. सुरू व्हायला वेळ घेई. घरघर सुरू झाली, स्क्रीन निळी झाली, पुन्हा काळी झाली. पंख्याखाली एक कागद फडफडत होता. आबांनी मान हलवून तिला नको म्हटलं. तिनं पाहिलं नाही.

"राकेशदादा, ते मागचं पान काढून द्या," ती म्हणाली. "मी वाचते."

राकेशनं सुमनबाईंकडे पाहिलं, मग पान काढून दिलं. समीक्षा खुर्चीच्या टोकाशी बसली आणि तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"मो... मोठ... मोठ्या. मु... ली... मुलीला."

ती थांबली. "अ... अ..." पुढच्या अक्षराशी ती अडली. ते तिला अजून शिकवलं नव्हतं. राकेश सांगायला तोंड उघडणार, तोच आबांनी हात वर केला. का केला, त्यांचं त्यांना कळलं नाही. सवयीनं झालं.

मंदाबाई पुढे सरकली. पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भिऊ नको बेटा. मी शे ना. कोणी काही करणार नही. तू रोज वाचतेस तसं नीट वाच."

समीक्षाचं बोट स्क्रीनवर होतं तिथंच राहिलं.

"आई, मी नीटच वाचतेय," ती म्हणाली. "मला एवढंच येतं."

मंदाबाईला कळायला वेळ लागला. अक्षर न येणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं वाचणं अडखळतंय की नाही हे कसं कळावं? तिनं आधी सुमनबाईंकडे पाहिलं, मग आबांकडे, मग स्क्रीनवरच्या त्या ओळींकडे, ज्या तिच्यासाठी मुंग्यांच्या रांगेसारख्या होत्या.

"आणि वंदना?"

"पाठ आहे."

"बठ्ठी?"

"सगळी."

"आबा हे शिकाडत व्हते?"

समीक्षानं मान डोलावली. मंदाबाईनं पाठीवरचा हात काढून घेतला नाही, पण तो हात आता कुणाचा आहे हे जणू तिला ठाऊक नव्हतं. आबांना वाटलं, आता ती रडेल किंवा मारेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "पुनवलगून होई का, आबा?"

पौर्णिमेपर्यंत. ग्रंथातली ती पानं, जोडाक्षरांनी भरलेली. आबांना हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाही," ते म्हणाले. "तोवर नाही होणार."

"मंग कधी?"

"ते मला माहीत नाही. मी पण शोधतोच आहे."

मंदाबाई उठली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. उद्या डाळमिलमध्ये काय सांगायचं, याचा विचार तिच्या पाठीवरून दिसत होता.

राकेशनं किल्ली आबांच्या समोर सरकवली. "चुकलो, आबा," असं तो म्हणाला. आबांनी ऐकलं, पण भीती काही गेली नाही. तो फोटो अजून कुणाकुणाच्या मोबाइलमध्ये होता, आणि त्या प्रत्येकाला बोलावून समीक्षाकडून वाचून घेणं शक्य नव्हतं.

सुमनबाई मात्र कामाचं बोलणाऱ्या होत्या. "मागच्या खोलीत यापुढे बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "शिकवायचं तर इथं, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. पौर्णिमेला तिच्या वाटचं मी वाचीन, ती शेजारी बसेल. समीक्षा, चालेल?"

समीक्षानं काचेच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर जीवन आणि आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. ती काही न बोलता उठली आणि आईच्या मागे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी कोपऱ्यात दोन खुर्च्या ठेवल्या. त्या दिवशी पोरं जेवायला गेलीच नाहीत. की आबांना तसं वाटलं. शाळा सुटायची वेळ होऊन गेली. ती परत येणार नाही म्हणाली होती, आणि शब्दाची पक्की होती. आबांनी लिहून आणलेला कागद चौथ्यांदा घडी करून खिशात ठेवला.

मग दारात चपला काढल्याचा आवाज आला. समीक्षा दप्तर छातीशी धरून आत आली. सगळी डोकी एकदम वर झाली आणि एकदम खाली गेली. जीवननं तर पुस्तक इतकं जवळ धरलं की त्याला त्यातलं काही दिसत नसणार.

तिनं आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग आबांची खुर्चीही ओढून जवळ घेतली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"आबा," ती कुजबुजली, "हळू बोला हं."

"मी बोलणारच नाही," आबा म्हणाले, आणि त्यांनी कागद उलगडला.